अर्ध्या ऑक्सिजनवरची लाल रेघ

शेजारची बारावीतली मुलगी परवा वही घेऊन आली. गृहपाठात पाण्याची प्रमाणित निर्मिती-एन्थाल्पी दाखवणारे संतुलित समीकरण विचारले होते. तिचे उत्तर (छपाईच्या सोयीसाठी सूत्रांऐवजी शब्दांत देतो) असे होते:

हायड्रोजन (वायू) + १/२ ऑक्सिजन (वायू) → पाणी (द्रव)

त्या १/२ वर लाल रेघ आणि शेजारी शेरा, ‘सहगुणक पूर्णांकांत हवेत.’ ‘‘काका, माझं काय चुकलं?’’ काहीच चुकले नव्हते. शिक्षकांनी वर्गातल्या सरावपुस्तिकेबरहुकूम उत्तर तपासले होते. म्हणून ती पुस्तिकाच मी मागून घेतली.

पुस्तिका मेहनतीने केलेली आहे. उदाहरणे भरपूर आहेत आणि सोप्याकडून अवघडाकडे जाणारी आहेत. पण निर्मितीच्या अभिक्रियांचा भाग तिने शाळेतल्या समीकरण-संतुलनाच्याच नियमाने लिहिला आहे: दोन्हीकडचे अणू सारखे करा, अपूर्णांक उरला तर दुपटीने गुणा. शाळेत हे ठीक होते. इथे मात्र त्यानेच उत्तर बिघडते, कारण निर्मिती-एन्थाल्पी ही संयुगाच्या एका मोलासाठी सांगायची असते. दुप्पट केलेल्या समीकरणात दोन मोल पाणी बनते आणि ५७१.६ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तक्त्यात पाण्यापुढे आकडा असतो उणे २८५.८. पुस्तिकेने वर दुप्पट समीकरण छापले आहे आणि त्याखाली आकडा तक्त्यातला!

अर्धा रेणू नसतो हे खरेच. पण हा १/२ मोलांचा आहे. अर्धा डझन केळी आणताना कोणी केळे कापत नाही.

याहून मला खटकली ती दुसरी गोष्ट. कॅल्शियम कार्बोनेटच्या निर्मितीसाठी पुस्तिका कॅल्शियम ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड घेते. समीकरण संतुलित आहे, अभिक्रियाही खरी आहे, पण ती या अर्थाने निर्मितीची नव्हे. डावीकडे फक्त मूलद्रव्ये हवीत: कॅल्शियम, ग्रॅफाइट आणि दीड मोल ऑक्सिजन. फरक किरकोळ नाही. मूलद्रव्यांपासून निघालो तर १२०६.९ किलोज्यूल बाहेर पडतात, पुस्तिकेच्या वाटेने फक्त १७८.३. बाकीची उष्णता ती दोन ऑक्साइडे बनतानाच निघून गेलेली असते.

मूलद्रव्येही १ बार दाबाला आणि ठरलेल्या तापमानाला (बहुधा २५ अंश सेल्सिअस) ज्या स्थिर रूपात असतात त्या रूपात घ्यायची. नुसते ‘कार्बन’ लिहून भागत नाही. ग्रॅफाइटऐवजी हिरा घेतला तर दर मोलामागे सुमारे १.९ किलोज्यूलचा फरक पडतो. (फॉस्फरसच्या बाबतीत मात्र अधिक स्थिर तांबडा सोडून पांढरा धरतात. नियम करायचा, मग अपवाद करायचा आणि तो मुलांनी पाठ करायचा!) उजवीकडची अवस्थाही लिहायलाच हवी, द्रव पाण्याऐवजी वाफ असेल तर आकडा उणे २४१.८ होतो.

माझ्या मते वर्गात हे समीकरण उजवीकडून लिहायला लावावे. इथेनॉल घ्या. बाणाच्या उजवीकडे एक मोल द्रव इथेनॉल लिहायचे आणि त्या एकाला नंतर हात लावायचा नाही. त्याच्या रेणूत कार्बनचे २, हायड्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचा १ अणू. म्हणून डावीकडे २ ग्रॅफाइट, ३ हायड्रोजन, १/२ ऑक्सिजन. झाले.

एका मोलाचे एवढे सोवळे कशासाठी? एकूण उष्णता मार्गावर अवलंबून नसते, हे हेस यांनी १८४० साली दाखवले. त्यामुळे तक्त्यातल्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करता येते, पण प्रत्येक आकडा किती मोलांचा हे पक्के असेल तरच. ग्रॅफाइट आणि हायड्रोजन यांच्यापासून मिथेन बनवून उष्णता थेट मोजणे जमत नाही. मिथेन जाळून मोजतात: एका मोलाला ८९०.३ किलोज्यूल. एक मोल ग्रॅफाइट जाळून ३९३.५ आणि दोन मोल हायड्रोजन जाळून ५७१.६, मिळून ९६५.१. फरक ७४.८, म्हणजे मिथेनची निर्मिती-एन्थाल्पी उणे ७४.८.

हेच गणित मी त्या मुलीला पुस्तिकेतले समीकरण आणि त्याखालचा आकडा जसेच्या तसे धरून करायला सांगितले. आता दोन मोल पाण्याचे फक्त २८५.८, बेरीज ६७९.३. उत्तर आले अधिक २११, म्हणजे मिथेन बनताना उष्णता शोषली जाते! तिने ते पान लाल रेघेच्या समोरच चिकटवले आणि वही पुन्हा शिक्षकांकडे नेली.