‘मिथेनजनक’ ही संज्ञा आणि विकराचा वंश

मराठी वैज्ञानिक परिभाषेची चर्चा बहुधा शब्द संस्कृत घ्यावा की इंग्रजी, या वादापाशीच थांबते. संज्ञेच्या घडणीतच एखादा सिद्धान्त गृहीत धरला गेला आहे काय, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न होय. खोल समुद्रातील आर्कियांविषयी लिहिताना योजिल्या जाणाऱ्या ‘आदिजीवाणू’ व ‘मिथेनजनक विकर’ या संज्ञांची परीक्षा या दृष्टीने व्हावयास हवी.

‘आदि’ हे पूर्वपद मूळ ग्रीक शब्दाशी प्रामाणिक आहे; दोष मुळातच आहे. १९७७ साली वूझ व फॉक्स यांनी या सूक्ष्मजीवांना ‘आर्किबॅक्टेरिया’ म्हटले, ते मिथेननिर्मिती आद्य पृथ्वीच्या वातावरणास साजेशी वाटली म्हणून. परंतु आजचा आर्किया आजच्या जीवाणूहून वयाने वडील नव्हे. १९९० मध्ये वूझप्रभृतींनी ‘बॅक्टेरिया’ हे उत्तरपद मुद्दाम वगळले. मराठी समास मात्र ‘जीवाणू’ सोडावयास तयार नाही.

‘जनक’ हे पद अधिक फसवे. माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ च्या सुमारास मैल्यापासून मिळविलेल्या वायूवर दिवे लावण्यात आले. तेथपासून गोबरगॅसपर्यंत मराठी वाचकाचा परिचय मिथेन घडविणाऱ्या क्रियेशीच. त्या क्रियेची अखेरची पायरी मिथिल-सहविकर-एम रिडक्टेज हे निकेलयुक्त विकर पार पाडते. परंतु २००३ साली काळ्या समुद्रातील मिथेनभक्षक आर्कियांच्या थरांत याच जातीचे निकेल-प्रथिन विपुल सापडले. २०१० मध्ये शुद्ध केलेले विकर उलट दिशेनेही, मंदगतीने का होईना, चालते हे प्रयोगाने दिसले. सागरी गाळात निर्माण होणाऱ्या मिथेनचा फार मोठा भाग पाण्यात पोहोचण्यापूर्वीच असा नाहीसा होतो. ‘मिथेनजनक विकर’ एवढेच शिकलेला विद्यार्थी या जीवांना मिथेनचा उगम समजेल, आणि तो दोष त्याचा नसेल. ‘रिडक्टेज’ हे नावही एकाच दिशेचे आहे, हे खरे. पण मराठी वाचकाला ते अपारदर्शक असल्याने निरुपद्रवी राहते. ‘जनक’ मात्र प्रत्येक वाचनात आपला अर्थ बोलतो.

उत्क्रांतीच्या विवेचनात तर हानी मोठी. मिथेनभक्षक आर्किया एकाच कुळातील नाहीत. त्यांपैकी एका गटाने या विकराची जनुके अन्य वंशाकडून उसनी घेतली असावीत, असे अनुमान आहे. २०१६ मध्ये ब्यूटेनवर काम करणारे या विकराचे भाईबंदही उजेडात आले. गिरगावात ‘पाव’ आणि ‘चावी’ हे पोर्तुगीज शब्द घरोघर बोलले जातात. म्हणून गिरगावची मराठी पोर्तुगीजोद्भव ठरत नाही. शब्दाचा वंश व भाषेचा वंश यांतील हा भेद जनुक व जीव यांनाही लागू पडतो. ‘आदि’ आणि ‘जनक’ एकत्र आले, की प्राचीन जीव आणि त्याचा जन्मजात गुण, असा निर्णय पुराव्याआधीच लागतो.

‘आर्किया’ हा शब्द तसाच ठेवावा. ‘मिथेनजनक’ हे विशेषण मिथेन घडविणाऱ्या जीवांपुरते राखावे, आणि विकरास ‘एमसीआर’ म्हणावे. ही आद्याक्षरे कानास रुक्ष लागतात, पण दोन्ही दिशांना सारखीच चालतात.