यंत्राची मराठी

एखाद्या कादंबरीचे परीक्षण करावे तसे यंत्राच्या पडद्यावरील मराठीचे करावे, ही कल्पना काहींना चमत्कारिक वाटेल. पण आज घरोघरी सकाळपासून रात्रीपर्यंत हेच लिखाण वाचले जाते. मग त्याला टीकाकार नको काय?

लिपीविषयी माझी तक्रार नाही. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला भेदही आता पडद्यावर नीट उमटतो. माझी तक्रार आहे ती वाक्यांविषयी. 'चित्र काढून टाकला', '१ संदेश आले' असले काही वाचून वडीलधारी माणसे हसतात आणि मुले म्हणतात, "त्यापेक्षा इंग्रजीच बरे!" हे ऐकून मात्र मला हसू येत नाही.

भाषांतरकाराला दोष देणे सोपे आहे. पण त्याच्या हाती अख्खे वाक्य येते कुठे? आज्ञावली लिहिणाराने इंग्रजी वाक्याचे आधीच तुकडे केलेले असतात. नाम एकीकडे, क्रियापद दुसरीकडे. इंग्रजीत 'डिलीटेड' हा एकच शब्द सर्व नामांना पुरतो. मराठीत संदेश काढून टाकला, यादी काढून टाकली, चित्र काढून टाकले. पुढे कोणते नाम येऊन चिकटणार हे ठाऊक नसताना बिचाऱ्याने लिंग कोणते धरावे?

बरे, उपाय नाही असेही नाही. गेटटेक्स्ट या साधनामुळे अखंड वाक्ये आज्ञावलीतून वेगळी काढून भाषांतरकाराला देता येतात. शब्दांचा क्रम फिरवता येतो. 'थ्री ऑफ टेन'चे '१० पैकी ३' होते. पुढे त्यात प्रत्येक भाषेच्या वचनांचीही सोय झाली. जपानीला एक रूप पुरते, मराठीला दोन लागतात, अरबीला तर सहा! लिंगासाठी तशी खास सोय नसली, तरी प्रत्येक नामाचे वाक्य स्वतंत्र लिहिले की काम भागते. त्यासाठी बुद्धीपेक्षा आस्थाच अधिक लागते.

तेव्हा आज्ञावलीकारांना माझी विनंती एवढीच: भाषांतरकाराला पुरे वाक्य द्या, ते कोठे दिसणार हे सांगा आणि प्रसिद्धीपूर्वी एखाद्या मराठी आजीबाईंना वाचून दाखवा. इतके केलेत, तर पुढच्या आवृत्तीचे मी मनापासून स्वागत करीन.