परतीची वाट विचारणारा पहारेकरी

नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयात टपालाची तिकिटे कडक पहाऱ्यात छापली जातात. पण ते तिकीट लावलेल्या पाकिटावर पाठवणाऱ्याने स्वतःचा पत्ता खरा लिहिला की खोटा, हे टपालखाते पाहत नाही. नागपूरचा पत्ता घालून कोणी नाशकात पत्र टाकले, तर निदान शिक्क्यावरून लबाडी उमगते.

इंटरनेटवरील पॅकेटवर असा शिक्काच नसतो. वाट दाखवणारा राउटर एरवी फक्त घेणाऱ्याचा पत्ता वाचतो. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कची पॅनिक्स ही इंटरनेट सेवा याच उणिवेमुळे जेरीस आली. जोडणी मागणाऱ्या विनंत्यांवर पत्ते खोटे होते; उत्तरे भलतीकडे गेली आणि जोडणीसाठी राखलेल्या जागा अडून राहिल्या.

यावरचा उपाय पॉल फर्ग्युसन व डॅनियल सेनी यांनी मे २००० मधील ‘आरएफसी २८२७’ या टिपणात मांडला. टिपण छोटे आणि भाषा सरळ आहे. बारावीच्या विद्यार्थ्याला शिक्षकांच्या मदतीने वाचता येईल. म्हणणे एवढेच, की ग्राहकाला जे पत्ते नेमून दिले त्यांखेरीज दुसरा पत्ता घातलेले पॅकेट सेवा कंपनीने आपल्याच दारात टाकून द्यावे. खऱ्या पत्त्यावरून होणारा मारा याने थांबत नाही, ही कबुली लेखक स्वतःच देतात. हा प्रामाणिकपणा मला विशेष आवडला.

पत्त्यांची यादी हाताने राखण्याऐवजी राउटरलाच विचारता येते: ‘या पत्त्यावर उत्तर धाडायचे तर तू याच दाराने धाडशील का?’ नाही म्हणाला, तर पॅकेट बाद. पण पुण्याहून सिन्नरमार्गे आलेला पाहुणा कसाऱ्यावरून परतणार असेल, तर तो लबाड ठरतो काय? दोन कंपन्यांची जोडणी घेणाऱ्या संस्थेचे नेमके असेच होते. मूळ टिपणात या अडचणीला ओझरता स्पर्श आहे. तिचा खरा विचार मार्च २००४ च्या ‘आरएफसी ३७०४’ मध्ये आला. त्यातील सैल तपासणी ‘त्या गावाला कुठली तरी वाट आहे ना’ एवढेच विचारते. त्यामुळे दुसऱ्याचा खराखुरा पत्ता चोरणारा तिच्यातून सहज निसटतो.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. तपासणीचा खर्च एका कंपनीचा आणि बचाव परक्याचा, हा हिशेब लेखकांनी पुरता मांडलाच नाही. गुन्हेगाराचा माग सोपा होईल, हे त्यांनी दाखवलेले आमिष तोकडे आहे. आजही सर्व जाळ्यांत ही तपासणी होत नाही, ती यंत्रे असमर्थ आहेत म्हणून नव्हे.

उगमाजवळ तपासणी सर्वांत नेमकी होते. शाळेच्या संगणककक्षातील चांगल्या स्विचला कोणत्या पोर्टवर कोणता पत्ता दिला, याची नोंद ठेवता येते. लिनक्सवर तर ‘आरपी फिल्टर’ नावाचा एकच आकडा बदलावा लागतो: ० म्हणजे बंद, १ कडक, २ सैल. मधल्या संगणकाला राउटर करून आणखी दोन जोडले, तर १ आणि २ मधला फरक एका तासिकेत दाखवता येतो.