नोव्हगोरोद : एक पूजाचित्र आणि दोन तीर

देवळातील मूर्ती आणि संग्रहालयातील मूर्ती या दोन वस्तू आहेत की एकच, हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळदा निघतो आणि बहुधा वादातच विरतो. या प्रश्नाचा विचार शांतपणे करावयाचा असेल, तर रशियातील नोव्हगोरोद या प्राचीन नगराचे उदाहरण फार उपयोगी पडते. इल्मेन सरोवरातून निघणारी व्होल्खोव्ह नदी या नगराचे दोन भाग करते. पश्चिमतीरावर कोट आणि त्यात सेंट सोफियाचे महामंदिर. पूर्वतीरावर जुनी व्यापारपेठ आणि तिची लहान लहान देवालये. मधून पूल जातो. ह्या नगरातील संग्रहालय, एक लहान देवालय आणि ते महामंदिर अशी तीन स्थळे एकाच पूजाचित्राच्या कथेने जोडलेली आहेत. ती त्या क्रमाने पाहिली म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे हाती लागते.

प्रथम कथा. ११७० साली सुझदलच्या सैन्याने नोव्हगोरोदला वेढा दिला. परंपरा सांगते की, तेव्हाच्या धर्माधिपतीने पूर्वतीरावरील इल्यिना रस्त्यावरच्या देवालयातून देवमातेचे चित्र पुलावरून मिरवीत आणविले आणि तटावर उभे केले. शत्रूचा एक बाण चित्रास लागला. चित्राने मुख नगराकडे फिरविले, नेत्रांतून अश्रू वाहिले, आणि शत्रुसैन्य अंधारात चाचपडू लागले. नगर वाचले. कथेतील चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. पण ती या नगराची स्वतःविषयीची समजूत आहे, एवढे निर्विवाद होय.

आता संग्रहालयात जाऊ. कोटाच्या आत असलेल्या या संग्रहालयात पंधराव्या शतकातील एक मोठे चित्र आहे. त्यात हीच कथा तीन पट्ट्यांत, एकाखाली एक, मांडली आहे. वरच्या पट्ट्यात चित्र पुलावरून आणले जात आहे. मधल्यात दोन्ही पक्षांचे दूत भेटतात आणि तोवर बाण सुटतात. खालच्यात वेशीतून नोव्हगोरोदचे सैन्य संतांच्या मागोमाग बाहेर पडते. आपल्या चित्रपोथ्यांत एकच पुरुष एकाच पानावर पुन्हा पुन्हा दिसतो आणि त्यातून कथा पुढे सरकते. तीच पद्धती येथे आहे. चित्रकाराचे कौशल्य असे की, सुझदलकरांचे बाण दाट रेषांसारखे येतात, तर नगराच्या बाजूस तट, चित्र आणि निश्चल चेहरे एवढेच आहे. बळ कोणाकडे आणि धीर कोणाकडे, हे शब्दाविना कळते.

परंतु लढाईनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी ही आठवण पुन्हा का काढावीशी वाटली? त्या काळी मॉस्कोची सत्ता वाढत होती. १४७८ साली तिसऱ्या इव्हानने नोव्हगोरोदचे स्वातंत्र्य संपविले आणि लोकसभा बोलाविण्याची नगराची घंटा मॉस्कोस नेली. हे ध्यानात घेतले म्हणजे चित्राचा सूर बदलतो. जुन्या विजयाचे ते नुसते स्मरण उरत नाही. संकट जवळ आलेल्या नगराने स्वतःस दिलेले ते आश्वासन ठरते. येथे संग्रहालयाने आपले काम उत्तम केले आहे, असे म्हटले पाहिजे. असे चित्र वेळ घेऊन वाचावयाचे असते, आणि त्यासाठी लागणारा उजेड व निवांतपणा संग्रहालयच देते.

याच संग्रहालयात भूर्जवृक्षाच्या सालीवर कोरलेली पत्रे आहेत. पहिले पत्र २६ जुलै १९५१ रोजी अर्त्सिखोव्स्की यांच्या उत्खननात सापडले; आजवर अकराशेच्या वर मिळाली आहेत. हिशेब, तगादे, घरगुती निरोप! त्यांतच तेराव्या शतकातील ऑन्फिम नावाच्या मुलाने गिरविलेली मुळाक्षरे आणि काढलेले घोडेस्वार आहेत. ही साल वाचून झाल्यावर लोकांनी टाकून दिली होती. टाकलेल्या वस्तूस संग्रहालय मान मिळवून देते. पण पूजिलेल्या वस्तूचे तसे नाही. तिला अगोदरच एक मान होता, आणि काचेआड येताना तो दाराबाहेर ठेवावा लागतो. हा भेद मनात धरूनच पूल ओलांडावा.

पूर्वतीरावर, इल्यिना रस्त्यावर, तारणहाराच्या रूपांतराचे देवालय आहे. सध्याची वास्तू १३७४ ची. १३७८ साली थेओफानेस या ग्रीक चित्रकाराने तिच्या भिंती रंगविल्या. समकालीन एपिफानियुसने लिहून ठेवले आहे की, हा चित्रकार नमुन्याकडे न पाहता, इकडून तिकडे फिरत, लोकांशी बोलत बोलत काम करी. भिंतींकडे पाहिले की हे पटते. तांबूस तपकिरी रंगावर पांढऱ्या रंगाचे मोजके फटकारे ओढले आहेत, आणि तेवढ्यानेच वैराग्याने झिजलेले तपस्वी उभे राहतात. घुमटातील ख्रिस्ताची दृष्टी कठोर आहे. ती पाहणाऱ्याचे कौतुक मुळीच करीत नाही. भित्तिचित्रांचे आज तुकडेच उरले आहेत. या वास्तूची व्यवस्था संग्रहालयाकडे आहे. येथे मेणबत्त्यांचा धूर नको, गर्दीचा दमटपणा नको. म्हणजे भिंतीवरील तपस्वी वाचावेत म्हणून त्यांच्यापुढची उपासना थांबवावी लागली. हा तोटा खरा आहे. परंतु चित्रच नाहीसे झाले तर उपासना कोणापुढे करावयाची, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

त्याचे उत्तर नगराच्या भोवतालीच मिळते. ऑगस्ट १९४१ ते जानेवारी १९४४ नोव्हगोरोद जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. अडीच हजारांवर घरांपैकी सुमारे चाळीस उभी राहिली. ११९९ च्या भित्तिचित्रांसाठी जगप्रसिद्ध असलेले नेरेदित्साचे देवालय उद्ध्वस्त झाले. कोव्हाल्योव्हो येथील देवालयाच्या राडारोड्यातून रंगीत गिलाव्याचे तुकडे वेचून अलेक्सांद्र आणि व्हॅलेंतिना ग्रेकोव्ह या दांपत्याने वर्षानुवर्षे ते जुळविले. या कामास पूजा म्हणता येणार नाही. पण सेवा म्हणण्यास आमची हरकत नाही.

शेवटी पुन्हा पूल ओलांडून सोफियाच्या महामंदिरात यावे. हे १०४५ ते १०५० या काळात बांधले गेले. १९२९ साली सोव्हिएत राजवटीने त्याचे संग्रहालय केले. १९९१ साली ते ख्रिस्ती संघास परत मिळाले, आणि त्याच वर्षी बाराव्या शतकातील ते मूळ पूजाचित्रही संग्रहालयातून येथे आले. ते लाकडी फळीवर दोन्ही बाजूंनी रंगविलेले असून, धरून मिरविण्यासाठी खाली दांडा आहे. म्हणजे ते भिंतीवर टांगण्यासाठी घडविलेलेच नव्हते. आपल्याकडील उत्सवमूर्तीप्रमाणे लोकांत जावे, हेच त्याच्या घडणीत आहे. हे कळल्यावाचून त्याच्या सौंदर्याची समीक्षा अपुरी राहील.

येथे एक सावधगिरी हवी. आपली प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती आणि हे पूजाचित्र एक नव्हेत. ७८७ च्या निकेआच्या धर्मपरिषदेने ठरविले की, चित्रास दिलेला मान चित्रित व्यक्तीस पोहोचतो. चित्र हे द्वार आहे. तरीही गोमंतकातील वाचकास यातील एक गोष्ट परकी वाटणार नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलात देवळे मोडली गेली, तेव्हा मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास नेली. स्थान बदलले, सेवा खंडली नाही. म्हणून देवस्थाने टिकली. नोव्हगोरोदच्या चित्राचे नेमके उलट झाले. नगर तेच राहिले. सेवा मात्र खंडली.

म्हणून सगळी पूजाचित्रे सरसकट देवालयांत परत द्यावीत काय? आंद्रेई रुब्लेव्हच्या ‘त्रिमूर्ती’चे उदाहरण घाई करू देत नाही. १९२९ पासून मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात असलेले हे चित्र २०२२ साली थोड्या दिवसांसाठी मठात नेले. परत आल्यावर तज्ज्ञांना त्याच्या स्थितीत बदल आढळले. त्यांचा विरोध असताही २०२३ साली शासनाने ते संघास देण्याचे ठरविले. भक्ताचा हक्क आम्ही नाकारीत नाही. पण फळी फुटली तर तो हक्कही फळीबरोबरच जातो.

आमचे मत एवढेच की, संग्रहालयाने वस्तूचे शतक आणि शैली सांगून थांबू नये. ती कोणी, कोठून, कशासाठी उचलली हेही सांगावे. आणि देवालयाने परत आलेल्या वस्तूबरोबर तिच्या जतनाचे शास्त्रही स्वीकारावे. चित्रातील पुलावर जे लोक चालत आहेत, त्यांच्या हातांत श्रद्धा होती आणि फळी पडू न देण्याची काळजीही होती. ती दोन्ही एकाच हातांत होती, हे विसरल्यामुळेच आजचा वाद उत्पन्न झाला आहे.