डॉ. आंबेडकरांचा 'मध्य महाराष्ट्र' आणि गोदावरीचे पाणी : एक चिकित्सा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे 'थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स' हे १९५५ साली प्रसिद्ध झालेले छोटेखानी पुस्तक आपल्याकडे बहुधा मुंबईच्या प्रश्नापुरतेच वाचले जाते. वस्तुतः अवाढव्य राज्यांमुळे संघराज्याचा तोल कसा ढळतो, हा त्याचा गाभा आहे. १९४८ मध्ये दार आयोगापुढे मुंबईसह एकसंध महाराष्ट्राचा पुरस्कार करणारे आंबेडकर सात वर्षांनंतर महाराष्ट्राचेच चार भाग सुचवितात, उत्तर प्रदेशचे तीन तर बिहार व मध्य प्रदेशचे प्रत्येकी दोन. उत्तरेतील प्रचंड राज्ये दक्षिणेवर कुरघोडी करतील, ही भीती त्यामागे होती. उत्तर प्रदेशासंबंधी के. एम. पणिक्कर यांनीही आयोगाच्या अहवालास भिन्नमतपत्रिका जोडली होतीच. मात्र दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. भाषिक राज्य मोठे झाले की त्यातील बहुसंख्य जातीची सत्ता अभेद्य होते व अल्पसंख्य समूह निराधार होतात.

या विभागणीत बीड 'मध्य महाराष्ट्रा'त येते. अभ्यासक हा भाग म्हणजे मराठवाडा असे समजून पुढे जातात, हे बरोबर नाही. मराठवाड्याच्या पाच तत्कालीन जिल्ह्यांसोबत आंबेडकरांनी त्यात नाशिक, अहमदनगर (आता अहिल्यानगर), दोन्ही खानदेश व सोलापूरचा मराठी भाग घातला होता. निजामी राजवटीत उपेक्षित राहिलेल्या भागाला ब्रिटिश अमदानीत कालवे लाभलेल्या जिल्ह्यांची जोड दिल्याने राज्य आर्थिकदृष्ट्या सक्षम होईल, असा त्यामागील विचार दिसतो.

नेमका येथेच प्रश्न उपस्थित होतो. गोदावरीच्या ऊर्ध्व खोऱ्यातील नाशिक-नगर आणि पैठणच्या जायकवाडीवर, तसेच पुढे माजलगाव धरणावर अवलंबून असलेला बीडचा शेतकरी, हे दोघेही आंबेडकरांच्या एकाच राज्यात आले असते. म्हणजे पाण्याचा तंटा राज्याच्या सीमेने मिटला नसता, तो नव्या राजधानीच्या दारात उभा राहिला असता. आणि तेथेही वरच्या धरणांचे लाभधारक अधिक संघटित असते. प्रत्यक्षात या तंट्याला काही अंशी वळण लावले ते २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने. समन्यायी वाटपाच्या तरतुदीच्या आधारे प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला की, १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरून पाणी सोडावे. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या व्यवस्थेस दुजोरा दिला. अंमलबजावणीवेळी दरवर्षी वाद होतो हे खरे, परंतु दाद मागण्यास नियम तरी आहे.

याउलट अनुच्छेद ३७१(२) चा अनुभव पाहावा. त्यानुसार १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे, म्हणजे राष्ट्रपतींनी नियुक्त केलेल्या व्यक्तीकडे होती. मुंबईतील केंद्रीकरणावरचा उतारा दिल्लीच्या दिशेने शोधला गेला! ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली, तेव्हा ती वाढवून घेण्याचा अधिकार मराठवाड्याच्या हाती नव्हता. दुसरीकडे २०१७ साली निवडून आलेल्या बीड जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपल्यावर वेळेवर निवडणूक न होता कारभार प्रशासकाकडे गेला. ७३ वी घटनादुरुस्ती असूनही हे घडू शकले.

आंबेडकरांच्या मांडणीतील उणीव मला येथे जाणवते. त्यांनी राज्याच्या आकाराचा विचार जितका बारकाईने केला, तितका राज्याच्या पोटातील सत्तावाटपाचा या पुस्तकात केलेला नाही. खेडे हे घटक मानण्यास त्यांचा विरोध सुप्रसिद्ध आहे आणि जातिग्रस्त ग्रामव्यवस्था पाहता तो निराधारही नव्हता. पण खेडे व राज्य यांच्या दरम्यानचा जिल्हा त्यामुळे दुर्लक्षितच राहिला. केवळ लहान आकार स्थैर्याची हमी देत नाही. त्यांनी पाटण्यासोबत रांची ही दुसरी राजधानी सुचविली होती, ती २००० मध्ये झारखंडच्या रूपाने साकारली. आणि २००९, २०१० व २०१३ अशी तीनदा तेथे राष्ट्रपती राजवट लागली.

तथापि बहुसंख्य जातीच्या अभेद्य सत्तेविषयीचा त्यांचा इशारा यामुळे बाद होत नाही. तो राज्याइतकाच जिल्ह्यालाही लागू पडतो, आणि बीडमध्ये राहून राज्यशास्त्र शिकविणाऱ्यास हे वेगळे सांगावे लागत नाही. जिल्ह्याला अधिकार द्यावेत म्हटले, तर ते जिल्ह्यातील कोणाला, हा आंबेडकरांचाच प्रश्न पुन्हा समोर येतो.