साक्षीदाराला नायक म्हणायचं की नाही?

खैरलांजीवरच्या कविता मी भरपूर ऐकल्या. भंडाऱ्याला ऐकल्या, नागपूरला ऐकल्या, सहा डिसेंबरच्या रात्री मंडपात ऐकल्या. दोन मी स्वतःही लिहिल्या, तेव्हा दगड मारायचा तर पहिला माझ्याच डोक्यात. जवळजवळ सगळ्या कविता २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी सुरू होतात आणि त्याच रात्री संपतात. सुरेखा, प्रियंका, सुधीर, रोशन. चार प्रेतं, कालवा, रक्त, आणि मग कवी मूठ आवळतो. टाळ्या त्या मुठीला पडतात.

माझं भांडण इथं आहे. या कवितेचा नायक कोण? भोतमांगे कुटुंब तिच्यात फक्त बळी म्हणून येतं. नायक होतो कवी, जो तिथं नव्हताच.

आता थोडं मागं जा. ३ सप्टेंबर २००६. भोतमांगेंच्या जवळचा, आपल्याच समाजातला एक माणूस, बाजूच्या गावचा पोलीस पाटील. त्याला मारहाण झाली. सुरेखाबाई आणि प्रियंकानं ती पाहिली होती. त्यांनी पोलिसांपुढे जबाब दिला, मारणाऱ्यांची नावं घेतली. २९ तारखेला ते आरोपी जामिनावर सुटले, आणि त्याच संध्याकाळी जमाव झोपडीवर आला. जबाब दिला, हे लिहायला अर्धी ओळ लागते. पण मोहाडी तालुक्यातल्या त्या गावात उभं राहून पाहा. आपली घरं हाताच्या बोटांवर मोजावी इतकी. शेतातून वाट काढण्यावरनं वाद आधीपासूनचाच. ज्यांच्या बांधाला आपला बांध, ज्यांच्या दारावरनं आपली वाट, त्यांचीच नावं घ्यायची. बरं, जबाब देऊन मुंबईला पळून जायचं नाही. सांजेला त्याच गावात येऊन चूल पेटवायची. मला विचाराल तर खैरलांजीचं महाकाव्य इथं आहे. ते मला कुठं ऐकायला मिळालं नाही. मीही लिहिलं नाही.

प्रस्थापित वाङ्मयाचा नायक शस्त्र उचलतो. त्याच्याकडे कूळ असतं, धनुष्य असतं, पाठीशी देव असतो. आम्ही त्याला नकार दिला. शंबूक उभा केला, एकलव्य उभा केला. बरोबरच केलं. पण साचा मात्र आम्ही बदलला नाही. मुंडकं गेलं म्हणून मोठा, अंगठा गेला म्हणून मोठा. आम्ही नायक निवडतो ते जखमेवरनं. सुरेखाबाई काही मरायला निघाली नव्हती. तिला शेत करायचं होतं, पोरं शिकवायची होती. तिनं डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं, बस. कायद्याच्या राज्यात साधा माणूस दुसऱ्यासाठी आणखी काय करू शकतो? आणि एवढंच करायला किती छाती लागते, ते गावात राहणाऱ्याला ठाऊक.

१८ जानेवारी १९४३ ला पुण्यात रानड्यांच्या जयंतीला बाबासाहेबांनी थोर माणूस कशानं थोर होतो याचाच ऊहापोह केला होता. नुसता प्रामाणिकपणा पुरत नाही, बुद्धीही पुरत नाही, त्यामागे समाजाला धुऊन काढायची प्रेरणा पाहिजे, असा त्यांचा रोख होता. आणि सरकारशी भिडणाऱ्याच्या मागे समाज उभा असतो, समाजाशीच भिडणारा मात्र एकटा पडतो, हेही त्यात होतं. एकटा म्हणजे किती एकटा, हे पुण्याच्या सभागृहात कळलं असेल की नाही कोण जाणे. खैरलांजीत कळतं.

याच भंडाऱ्यात १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब हरले. दोन जागांचा मतदारसंघ, मतदाराला दोन मतं. दुसरं मत कुजवलं की आपली जागा निघते, असा हिशेब कार्यकर्त्यांनी मांडला आणि बाबासाहेबांनी तो मोडून काढला, असं जुनी माणसं सांगत आली. आपणच घडवलेल्या घटनेचा नियम पाळून ते हरले. बावन्न वर्षांनी याच जिल्ह्यातली एक बाई त्याच घटनेच्या भरवशावर पोलिसांपुढे बोलली. ही दोन्ही नावं एका ओळीत ठेवताना माझा हात थोडा अडला होता. मग ठेवली.

निकालही आपण नीट वाचला पाहिजे. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं. सहांना फाशी, दोघांना जन्मठेप. १४ जुलै २०१० ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा दोन्हीकडे लागला नाही. म्हणणं असं, की हे जातीवरनं झालेलं नाही, त्या मारहाणीच्या केसच्या रागातून झालं. काऊन गा? वरच्या आळीतल्या बाईनं जबाब दिला असता तर अख्खं घर असं संपवलं असतं? साक्ष हा गुन्हा कुणाच्या तोंडी होतो, तिथंच तर जात बसलेली आहे. तरी त्या निकालात एक गोष्ट निघालीच. त्यांच्या मरणाचं कारण त्यांची साक्ष होती. आमच्या कवितेनं जात धरली आणि साक्षीदार सोडून दिली.

आणि भैयालाल भोतमांगे. एका बैठकीत एक पोरगा मला म्हणाला, "दादा, तो त लपला होता ना गा." लपला होता. त्यानं स्वतःच ते सांगितलं. मी त्या पोराला म्हटलं, तू सिनेमा पाहून बोलतोस. तो जमावात धावून गेला असता तर कालव्यात पाचवं प्रेत पडलं असतं. मग आंधळगावच्या ठाण्यात फिर्याद कुणी दिली असती? कोर्टात कोण उभं राहिलं असतं? २० जानेवारी २०१७ ला तो नागपुरात गेला. तोवर दहा वर्षं जो येईल त्याला, पत्रकाराला, पुढाऱ्याला, आमच्यासारख्या कवड्यांना, तीच रात्र सांगत राहिला. ऐकून आम्ही बाहेर चहा प्यायचो. तो आत बसलेला असायचा.

पोरगा गप्प झाला. पटलं म्हणून की मी वयानं मोठा म्हणून, ते कळलं नाही.

पुढच्या अंकासाठी खैरलांजीवर कविता पाठवणाऱ्यांनी ती त्या जबाबापासून सुरू करावी. मुठीच्या कवितांची फाईल भरलेली आहे. त्यातल्या दोन माझ्याच आहेत.