घराची भूमिती कोणासाठी?

विसाव्या शतकाच्या मध्यावरील आधुनिक घरांची चर्चा करताना ‘भूमितीची अभिव्यक्ती’ हे शब्द सहज वापरले जातात. ही अभिव्यक्ती नेमकी कोणाची, हे मात्र क्वचितच विचारले जाते. अमेरिकेतील दोन घरांचे आराखडे शेजारी ठेवले की हा प्रश्न टाळता येत नाही.

पहिले, मीस व्हॅन डर रोह यांचे इलिनॉयमधील फार्न्सवर्थ हाउस (१९५१). आठ पांढरे पोलादी खांब, त्यांना धरून अधांतरी भासणारे जमीन आणि छप्पर असे दोन आयत, आणि चहूबाजूंनी काच. शेजारच्या फॉक्स नदीच्या पुराचा विचार करून जमीन सुमारे पाच फूट उचललेली. अनेक वर्षे मी हे घर त्या काळाचे शिखर मानत आलो. मालकीण डॉ. ईडिथ फार्न्सवर्थ यांची नाराजी म्हणजे केवळ खर्चाचा वाद, असे समजून मी ती बाजूला सारत होतो. खर्चावरून प्रकरण कोर्टात गेले, हे खरेच. पण त्यांचे म्हणणे पुन्हा वाचताना माझी चूक लक्षात आली. पुढे माँतालेच्या इटालियन कवितांचा अनुवाद करणाऱ्या या एकट्या स्त्रीला त्या घरात सतत कोणाच्या तरी नजरेत असल्यासारखे वाटत होते. तो आयत इतका परिपूर्ण होता, की त्यात आडोशाला जागाच उरली नव्हती.

दुसरे, अहमदाबादच्या आयआयएममुळे आपल्या परिचयाचे असलेले लुई कान यांचे पेनसिल्व्हेनियातील फिशर हाउस (१९६०–६७). दगडी जोत्यावर लाकडी आवरणाच्या दोन घनाकृती ४५ अंशांत वळून एकमेकींना भिडतात. एकीत झोपण्याच्या खोल्या, दुसरीत उठबस, स्वयंपाक आणि जेवण. नकाशावर हे वळण लहर वाटते. पण दिवसाची वर्दळ आणि रात्रीची शांतता त्यानेच वेगळी होते. बैठकीच्या कोपऱ्यात खिडकीला लागूनच लाकडी बाक आहे. पुस्तक घेऊन एकट्याने बसावे, असा.

कान यांची भूमिती मीस यांच्याहून सैल नाही. सौंदर्याचाच निकष लावला, तर मी आजही काचेच्या घराकडेच वळेन. फरक इतकाच, की एका ठिकाणी माणसाने आकृतीला सांभाळून घ्यायचे, तर दुसरीकडे आकृतीने माणसाला. म्हणून आता कोणताही आराखडा हाती आला, की मी खांब मोजण्याआधी एकट्याने बसायची जागा शोधतो.